फायनलच्या फिजिक्स पेपरात १६ मार्क अभ्यासक्रमाबाहेरचे, निवेदनात नेमकं काय मागायचं?

शेवटचा_बाक
नमस्कार मंडळी. मी बीएस्सी फायनलला आहे, तालुक्याच्या गावातलं कॉलेज, गावाहून रोज एसटीनं जाणं-येणं. उन्हाळी परीक्षेचा फिजिक्सचा पेपर झाला तेव्हापासून आमच्या ग्रुपवर नुसता कल्ला चालू आहे. पेपर ८० मार्कांचा, पाच प्रश्न, प्रत्येकी १६. त्यातला चौथा प्रश्न पूर्ण सुपरकंडक्टिव्हिटीवर आणि त्याचा 'अथवा' पण सुपरकंडक्टिव्हिटीवरच. हे युनिट नवीन अभ्यासक्रमातून काढलेलं आहे, आमच्या सरांनी शिकवलं नाही, शिकवायचं कारणच नव्हतं. ज्यानं पेपर काढला त्यानं जुना अभ्यासक्रम समोर ठेवून काढला असं दिसते. त्यात पहिला प्रश्न, जो सगळ्यांना सोडवावाच लागतो, त्यातलं ४ मार्कांचं एक गणित छापायलाच चुकलं. बाकीचा पेपर भयंकर लांब, शेवटच्या प्रश्नाला अर्ध्या पोट्ट्यांचा हातच लागला नाही.

आता ग्रुपवर कोणी म्हणते सगळ्यांना पास करा, कोणी म्हणते पेपर परत घ्या, कोणी म्हणते निकाल लागू द्या मग रिव्हॅल भरू. मला रिव्हॅलचं पटत नाही. रिव्हॅलमध्ये माझी उत्तरपत्रिका परत तपासतील, पण प्रश्न तर तोच राहणार ना. आणि फी भरायची कोणी? माझ्यासोबत बसमध्ये एक मुलगी येते, आमच्या वर्गात सगळ्यात जास्त मेहनत तिची, घरी सांगून ठेवलं आहे की यंदा सुटली तर बीएड, नाही तर लग्न. ती काही रिव्हॅलसाठी घरी पैसे मागणार नाही.

निकाल अजून लागायचा आहे. निवेदन द्यायचं ठरलं आहे पण कोणाकडे द्यायचं, काय मागायचं, कोणत्या शब्दात मागायचं हे कळून नाही राहिलं. अनुभव असलेल्यांनी सांगा.

पऱ्हाटी
यात विचार कायचा करता भाऊ. १६ मार्क सरसकट सगळ्यांना द्या, विषय संपला. चूक त्यांची, भरपाई त्यांनी करावी.

लालडबा
पहिले पेपर काढणाऱ्याले अभ्यासक्रमाची झेरॉक्स पाठवा. रजिस्टर पोस्टानं. 😀

निवृत्त_मास्तर
मी आयुष्यभर अशाच एका ग्रामीण कॉलेजात फिजिक्स शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

शेवटचा_बाक, तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न, चुकीचा छापलेला प्रश्न, आणि लांब किंवा अवघड पेपर. पहिल्या दोन बाबतीत तुमचा हक्क आहे आणि तो ठामपणे मागा. तिसऱ्या बाबतीत हक्क वगैरे काही नाही. पेपर अवघड असणं हा दोष नव्हे. ज्या निवेदनात 'पेपर अवघड होता, लांब होता, विद्यार्थ्यांचे नुकसान झाले, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं लिहिलेलं असते ते कोणी पूर्ण वाचत नाही, मी त्या समित्यांवर बसलेलो आहे. तुमच्या खऱ्या तक्रारीसुद्धा त्या एका वाक्याखाली दबून जातात. अवघड हा शब्दच निवेदनात येऊ देऊ नका.

पऱ्हाटी, सरसकट १६ ला माझा विरोध आहे. ८० पैकी ३२ ला पास असेल तर सोळा मार्क म्हणजे निम्मी पास फुकट. बाकीच्या चार प्रश्नांत ज्याला चौसष्टपैकी सोळाच मिळाले, म्हणजे पंचवीस टक्के, तो बसल्या जागी ३२ वर जाऊन पास होईल. त्यानं अभ्यासक्रमातलंही काही केलेलं नाही. मग रात्र-रात्र बसून वाचणाऱ्या पोरीला काय न्याय मिळाला?

पऱ्हाटी
सर तुमचा आदर आहे पण एक सांगा, तो १६ चा प्रश्न बरोबर आला असता तर त्या पंचवीस टक्केवाल्याले त्यात काहीच मिळालं नसतं असं कशावरून? कदाचित तेच एक युनिट त्याचं चांगलं झालेलं असन. गावातले पोट्टे सगळं नाही वाचत, तीन युनिट धरतात आणि त्याच्यावरच जातात. तुमच्या काळातही तेच होतं.

निवृत्त_मास्तर
होतं, नाकारत नाही.

कापूसकोंडा
मी कोविडच्या बॅचचा. आमचे फायनलचे पेपर ऑक्टोबर २०२० मध्ये ऑनलाइन एमसीक्यू झाले, तेही सुप्रीम कोर्टानं ऑगस्टमध्ये सांगितलं म्हणून, की परीक्षा घेतल्याशिवाय अंतिम वर्षाची डिग्री देता येणार नाही. मी मोबाईल घेऊन टेकडीवर बसून पेपर दिला कारण गावात रेंज नव्हती. पेपर दिला तरी आजपर्यंत इंटरव्ह्यूला गेलं की सन पाहून विचारतात, अच्छा म्हणजे तुम्ही कोविडवाले. म्हणून सांगतो पोरांनो, फुकटचं मागू नका. मार्कशीटवर नाही छापत ते पण लोकांच्या तोंडात राहते. आपल्या विद्यापीठाच्या डिग्रीला बाहेर आधीच कमी समजतात.

तूरदाळ
कापूसकोंडा, टेकडीवरून पेपर हे वाचून पोटात तुटलं. आमच्या मावसभावानं पाण्याच्या टाकीवर चढून दिला होता.

कापूसकोंडा
टाकीवर जास्त रेंज येते. आमच्याकडं टाकी नव्हती.

गणितवाली
सरसकट की नाही यावर भांडण्याआधी आकडे मांडून पाहू या का? मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते.

चार रस्ते आहेत. एक, सगळ्यांना पूर्ण १६. दोन, ज्यानं प्रश्न ४ लिहायचा प्रयत्न केला फक्त त्यालाच १६. तीन, प्रश्न रद्द करायचा आणि ६४ पैकी मिळालेले मार्क ८० च्या प्रमाणात वाढवायचे, म्हणजे सव्वापट. चार, सध्या आहे तसंच ठेवायचं.

आता एक विद्यार्थी घ्या, त्याला बाकी चार प्रश्नांत २६ आहेत आणि चौथा कोरा सोडला. आहे तसं ठेवलं तर २६, नापास. रद्द करून सव्वापट केलं तर साडेबत्तीस, म्हणजे ३३, पास. मला हे रास्त वाटतं कारण जे शिकवलं त्यात त्याचे चाळीस टक्क्यांच्या वर आहेत. मास्तरांच्या पंचवीस टक्केवाल्याला सव्वापटीनं वीसच होतात, तो पास होत नाही, म्हणजे त्यांची काळजीही मिटते.

दुसरा रस्ता मला सगळ्यात वाईट वाटतो. कारण परीक्षेत प्रामाणिकपणे 'हे आपल्याला नाही' म्हणून जो पुढच्या प्रश्नाकडे गेला त्याला शून्य आणि ज्यानं दोन ओळी काहीबाही खरडल्या त्याला सोळा. पण बहुतेक ठिकाणी हाच दिला जातो, कारण कागदावर तो सोपा दिसतो.

लालडबा
म्हणूनच आमचे सर सांगत, येवो न येवो, प्रश्न उतरून तरी काढत जा रे.

जुना_भिडू
थांबा थांबा. मी त्याच परीक्षेला बसलो होतो, पण मी बॅकलॉगवाला, जुना अभ्यासक्रम वाचलेला. मले सुपरकंडक्टिव्हिटी येत होती. माइस्नर इफेक्ट, टाइप वन टाइप टू, सगळं आकृतीसकट लिहिलं, १२ तरी पडतीन. बाकीच्यात माझे चोवीसेक होतीन. ताईच्या हिशेबानं प्रश्न रद्द केला तर माझं काय? ३६ चे ३० होते, पास झालेला माणूस फेल. मी काय गुन्हा केला? प्रश्न छापलेला होता, मी सोडवला.

पऱ्हाटी
हे आलं आता. म्हणून म्हणतो सरसकट.

गणितवाली
जुना_भिडू, तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यावर उपाय पण आहे. प्रत्येकाचे मार्क दोन्ही पद्धतीनं काढायचे आणि जे जास्त असतील ते द्यायचे. तुमचे आहे तसे ३६ आणि सव्वापटीनं ३०, तर तुम्हाला ३६ मिळतील. चौथा कोरा सोडणाऱ्याला २६ आणि ३३, त्याला ३३. ज्याला बाकीच्यात ४० आहेत आणि चौथ्यात कसेबसे ३ पडले त्याला ४३ आणि ५०, तर ५०. कोणाचंच कमी होत नाही आणि फुकटही कोणाला मिळत नाही. निकाल कॉम्प्युटरवर लागतो, त्याला हे एका ओळीचं काम आहे.

शेवटचा_बाक
ताई हे भारी आहे. हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्रुपवर टाकतो.

वावरवाला
मी बापाच्या बाजूनं लिहून राहिलो. माह्या पोराचा हाच पेपर होता. त्या दिवशी ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. सकाळी साडेसहाची गाडी आली नाही, मी मोटरसायकलवर नेऊन सोडलं. हॉलमध्ये लाईट गेली, कूलर बंद, पोरगं सांगे की घामानं उत्तरपत्रिकेचं पान ओलं होऊन शाई फुटली. हे सगळं सोसून पोट्टं पेपर लिहिते आणि प्रश्नच चुकीचा निघते, मंग त्याले वाटते की आपल्यालेच येत नाही. घरी येऊन जेवला नाही. म्हणे बाबा माह्याच्यानं होत नाही, मी वावर पाहतो. मले ते जास्त लागलं. शिकलेल्या माणसाची चूक अन् पोरानं ती आपल्या डोक्यावर घेतली.

रिव्हॅलचे पैसे मी भरीन, सोयाबीनचे थोडे ठेवले आहेत, पण सगळ्यांच्याच बापाजवळ नसते. पेरणीचे दिवस तोंडावर आहेत, बियाणं घ्याचं की फी भराची?

तूरदाळ
काका, पोराला सांगा प्रश्न चुकीचा होता, तो नाही. आणि वावर पाहायचंच असेल तर डिग्री घेऊन पाहील.

मोहफूल
उन्हावरून आठवलं, उन्हाळी परीक्षा सकाळच्या पाळीत का नाही घेत सगळ्या? आमच्याकडे दुपारी अडीचचा पेपर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तिथे अडीच वाजता टिनाच्या शेडमध्ये पोरांना बसवायचं, हे नियोजन करणाऱ्यानं एकदा स्वतः बसून पाहावं.

लालडबा
सकाळी घेतला तर गाडी नाही, दुपारी घेतला तर ऊन. आमच्या गावाले तर मुक्कामी गाडीच बंद झाली.

मोहफूल
मुलींसाठी मुक्कामी गाडी पाहिजेच. आमच्या बाजूला गाडी बंद झाली त्या वर्षी कितीतरी मुलींनी कॉलेज सोडलं.

तहसीलसमोरचा
गाडीचा धागा वेगळा काढा, मी पण लिहीन तिथे, पण आता पोरांचं पाहू. मी तालुका कोर्टात वकिली करतो, विद्यापीठाच्या प्रकरणांत थोडंफार काम केलं आहे.

पहिलं म्हणजे कोर्टाचं नाव निवेदनात धमकीसारखं वापरू नका. या विषयात कोर्ट विद्यार्थ्यांना फार जवळ करत नाही. १९८४ मध्ये आपल्याच राज्याच्या बोर्डाची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, परितोष शेठ प्रकरण. नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर ते हक्क म्हणून मागता येत नाही असं तेव्हाच ठरलं. २०१७ मध्ये रण विजय सिंह प्रकरणात पुन्हा सांगितलं की यात सहानुभूतीला जागा नाही आणि शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्याला मिळेल.

पण याच निकालांत तुमच्या कामाची गोष्ट पण आहे. चूक उघड पाहिजे, दाखवता आली पाहिजे, लांबलचक तर्क लढवून सिद्ध करावी लागणारी नको. १९८३ च्या कानपूर युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात नेमकं हेच झालं, उत्तरसूची पाठ्यपुस्तकांच्या विरुद्ध जात होती, तेव्हा कोर्टानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला. तुमच्याकडे छापील अभ्यासक्रम आहे आणि छापील प्रश्नपत्रिका आहे. दोन्ही शेजारी ठेवले की चूक दिसते. यापेक्षा उघड काय पाहिजे? म्हणून निवेदनासोबत अभ्यासक्रमाच्या त्या पानाची प्रत लावा, युनिटच्या नावांवर खूण करून.

दुसरं, यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम आहेत. प्रत्येक कॉलेजात समिती पाहिजे, तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल. लोकपाल नुसत्या पुनर्तपासणीचे किंवा फेरबेरजेचे अर्ज घेत नाही, पण निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता दाखवली तर घेतो. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न ही ठोस अनियमितता आहे, पेपर लांब होता ही नाही. मास्तरांनी वर जे सांगितलं तेच कायद्याच्या भाषेत हे आहे.

शेवटचा_बाक
वकीलसाहेब, माहिती अधिकारात आपली उत्तरपत्रिका मिळते हे खरं आहे का? कॉलेजचे क्लार्क म्हणतात मिळत नाही, गोपनीय असते.

तहसीलसमोरचा
मिळते. ९ ऑगस्ट २०११ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे. तपासणाऱ्याचं नाव मात्र झाकून देतात आणि ते योग्यच आहे. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. उत्तर ३० दिवसांत. क्लार्कशी वाद घालू नका, अर्ज लिहा आणि पोच घ्या. पण हे निकालानंतरचं. आता निकालाआधी हालचाल पाहिजे.

कॅपवरचा_माणूस
बऱ्याच दिवसांपासून नुसताच वाचतो, आज लिहितो. मी तपासणीला जातो. कुठे ते विचारू नका.

निकालाआधी का, ते सांगतो. उत्तरपत्रिका केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर येतात, बैठक क्रमांक झाकलेला असतो, आम्हाला फक्त कोड दिसतो. सोबत आदर्श उत्तरं आणि गुणदान योजना असते. तपासणारा त्या योजनेनं बांधलेला असतो. मला मनातून कितीही वाटलं की हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, तरी मी आपल्या मनानं मार्क वाढवू शकत नाही आणि वाढवूही नये, नाहीतर माझ्या गठ्ठ्यातल्या पोरांना एक न्याय आणि शेजारच्या टेबलावरच्या गठ्ठ्याला दुसरा. बदल व्हायचा तर गुणदान योजनेत झाला पाहिजे, तो परीक्षा मंडळाकडून यावा लागतो आणि तपासणी सुरू व्हायच्या आत आला तर सगळ्यांना सारखा लागतो. एकदा निकाल लागला की सगळे म्हणतात आता वैयक्तिक रिव्हॅल भरा. शेवटचा_बाक यांनी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलं ते खरं आहे, रिव्हॅलमध्ये दुसरा परीक्षक तीच योजना हातात घेऊन बसतो.

आणि कायद्यात निकाल ३० दिवसांत लावावा, फार तर ४५, असं आहे, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६. म्हणजे तुमच्या हातात महिनाभर पण नाही. २०१७ मध्ये मुंबईला ऑनस्क्रीन तपासणीचा गोंधळ झाला, निकाल महिनोन्‌महिने लांबले, शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं, तेव्हापासून सगळेच तारखेच्या धास्तीत असतात. त्या घाईत तुमचा कागद खाली राहू नये.

पेपर झाला त्याच दिवशी केंद्राधिकाऱ्यांनी चूक कळवली होती का, हे पण पाहा. कळवली असेल तर कॉलेजकडे त्याची नोंद असेल.

शेवटचा_बाक
त्या दिवशी सुपरवायझर मॅडम म्हणाल्या होत्या, जसं छापलं तसं सोडवा. आमच्यातल्या दोघांनी हात वर करून विचारलं होतं.

कॅपवरचा_माणूस
त्यांना दुसरं काही सांगताच येत नाही. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्याकडून नोंद झाली का तेवढं प्राचार्यांना विचारा.

निवृत्त_मास्तर
ते छापायला चुकलेलं गणित नेमकं काय होतं? इथे लिहा.

शेवटचा_बाक
सर, सोडियमच्या पृष्ठभागावर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडतो, वर्क फंक्शन २३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा काढा.

निवृत्त_मास्तर
दशांश चिन्ह गळलं! सोडियमचं वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, २.३ असते.

या गणितावर थोडं थांबतो कारण तपासणीतला खरा अन्याय अशा ठिकाणी होतो. ४०० नॅनोमीटरच्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा १२४० हा ठरलेला आकडा भागिले तरंगलांबी ४००, म्हणजे ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. वर्क फंक्शन २.३ धरलं तर उत्तर ०.८ येते, आदर्श उत्तरात हेच असणार. छापलं तसं २३ धरलं तर उणे १९.९. गतिज ऊर्जा उणे असूच शकत नाही. मग तीन प्रकारचे विद्यार्थी झाले. ज्याला २.३ पाठ होतं त्यानं आपल्या मनानं दुरुस्त करून ०.८ लिहिलं. दुसऱ्यानं उणे १९.९ लिहून पुढचा प्रश्न घेतला. तिसऱ्यानं लिहिलं असेल की फोटॉनची ऊर्जा वर्क फंक्शनपेक्षा कमी आहे, म्हणून इलेक्ट्रॉन बाहेरच पडणार नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगलं फिजिक्स तिसऱ्याला समजलं. छापलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे. पण ०.८ ची आदर्श उत्तरपत्रिका हातात असलेला दमलेला परीक्षक त्याला शून्य देईल. त्याला पूर्ण ४ मिळाले पाहिजेत, पहिल्यालाही पूर्ण ४, आणि दुसऱ्याला सूत्र व फोटॉनच्या ऊर्जेचे मार्क. इथे प्रश्न रद्द करा म्हणू नका. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरा असं म्हणा.

मोहफूल
सर, तुमच्या वर्गात बसायला पाहिजे होतं.

शेवटचा_बाक
सर, ती बसमधली मुलगी, तिनं तिसरं लिहिलं आहे. आम्ही सगळे तिला म्हणत होतो तुझं चुकलं. आताच फोन करून सांगतो तिला.

निवृत्त_मास्तर
जरूर सांगा. आणि माझ्याकडून शाबासकी सांगा.

पुण्यात_अडकलेला
मी मूळचा तिकडचाच, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात. आमच्या इंजिनिअरिंगमध्ये रिलेटिव्ह ग्रेडिंग होतं, म्हणजे पेपर अवघड निघाला तर सगळ्यांचेच मार्क कमी पडतात आणि ग्रेडच्या रेषा आपोआप खाली सरकतात, ६० पैकी ३५ ला पण ए मिळू शकतो. हे का नाही मागत?

अजून एक, अमेरिकेत न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत २०२२ मध्ये ऑर्गॅनिक केमिस्ट्री फार अवघड म्हणून ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी अर्ज केला, तर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं कामच गेलं. विद्यार्थ्यांनी ते मागितलं पण नव्हतं.

निवृत्त_मास्तर
ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. निवेदनात पेपर काढणाऱ्यावर कारवाईची मागणी टाकू नका. ती टाकली की सगळं विद्यापीठ त्या माणसाला वाचवायला उभं राहते आणि तुमचे मार्क बाजूला पडतात.

गणितवाली
रिलेटिव्ह ग्रेडिंग एका कॅम्पसमधल्या एका वर्गाला ठीक आहे. शेकडो कॉलेजं जोडलेल्या विद्यापीठात ते लावलं तर शहरातलं भरलेलं कॉलेज, जिथं लॅब आहे, शिकवणी आहे, आणि आमचं कॉलेज जिथं निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, सगळे एकाच रेषेवर मोजले जातील. वरच्या ग्रेड सगळ्या शहरात जातील. त्यापेक्षा ३२ ला पास ही न हलणारी रेषा गरीब पोराच्या कामाची आहे, त्याला माहीत असते की कुठपर्यंत पोचायचं आहे.

पुण्यात_अडकलेला
हा विचार केला नव्हता. पटलं.

पऱ्हाटी
मी अजून सरसकटच्याच बाजूनं आहे, पण ताईचं 'दोन्हीतलं जास्त ते' मान्य झालं तरी मी सही करीन. वावरवाले काका, तुमच्या पोराले पण घेऊन या सहीले, घरी नका बसू देऊ.

वावरवाला
आणतो.

तहसीलसमोरचा
चला मग मसुदा टाकतो. एका पानात, चार मुद्द्यांच्या वर नाही.

प्रति, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ. मार्फत, मा. प्राचार्य. विषय: अंतिम वर्ष भौतिकशास्त्र प्रश्नपत्रिकेतील त्रुटींबाबत गुणदान योजनेत दुरुस्ती होणेबाबत.
महोदय, वरील विषयाच्या उन्हाळी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतील प्रश्न क्र. ४ व त्याचा पर्याय हे दोन्ही सध्या लागू असलेल्या अभ्यासक्रमात नसलेल्या घटकावर आहेत. अभ्यासक्रमाची प्रत खूण करून सोबत जोडली आहे. तसेच प्रश्न क्र. १ मधील गणितात सोडियमचे वर्क फंक्शन २.३ ऐवजी २३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असे छापले आहे. आमची विनंती अशी की, प्रश्न क्र. ४ वगळून ६४ पैकी गुणांचे ८० मध्ये रूपांतर करावे व ते आणि प्रत्यक्ष मिळालेले गुण यांपैकी जे अधिक असतील ते विद्यार्थ्यास द्यावेत. प्रश्न क्र. १ मधील सदर गणितात ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि 'इलेक्ट्रॉन उत्सर्जित होणार नाही' ही दोन्ही उत्तरे पूर्ण गुणांस ग्राह्य धरावीत, व उणे उत्तर लिहिणाऱ्यांना सूत्र व फोटॉनच्या ऊर्जेचे गुण द्यावेत. ही दुरुस्ती मूल्यमापनापूर्वी व्हावी आणि अर्ज केला असो वा नसो, या विषयाच्या सर्व परीक्षार्थींना लागू करावी.

शेवटचं वाक्य काढू नका कोणी. त्या वाक्यासाठीच हे सगळं आहे. नाहीतर ज्यांच्यापर्यंत ग्रुप पोचला, ज्यांच्याजवळ मोबाईल आहे, ज्यांच्या कॉलेजात कोणी पुढाकार घेतला, त्यांनाच मिळते. जी पोरं पेपर देऊन कापूस, संत्रा, विटभट्टीच्या कामाला निघून गेली त्यांना माहीत पण पडत नाही.

शेवटचा_बाक
साहेब, शब्द सापडत नाहीत. हेच लिहायचं होतं.

कॅपवरचा_माणूस
दोन प्रती काढा. एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, ती जपून ठेवा. प्राचार्यांमार्फत एक, आणि तोच कागद परीक्षा विभागाला ईमेलनं थेट पण. बाकीच्या कॉलेजांतून पण आलं तर वजन पडते, मजकूर मात्र सगळीकडे हाच ठेवा, एका कॉलेजानं सरसकट मागितलं आणि दुसऱ्यानं फेरपरीक्षा, तर वरचे म्हणतील विद्यार्थ्यांतच एकमत नाही.

शेवटचा_बाक
अपडेट. प्राचार्य सरांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले असं निवेदन पहिल्यांदाच पाहतो. स्वतःचं पत्र जोडून पुढं पाठवलं. केंद्रावरून त्याच दिवशी चुकीची नोंद गेलेली निघाली, मॅडमनीच केली होती. आवक शिक्का घेतला. शेजारच्या तालुक्यातल्या दोन कॉलेजांत पण हाच मजकूर गेला. जुना_भिडूनं पण सही केली. उत्तर आलं की इथेच टाकतो.

तूरदाळ
जबरदस्त. वावरवाले काका, पोरगं काय म्हणते?

वावरवाला
सही करून आला. आता पुढच्या पेपरचं वाचून राहिला आहे, वावरात पाठवलं तर जात नाही.

मोहफूल
आमच्या केमिस्ट्रीच्या पेपरात पण एक समीकरण अर्धंच छापलं होतं, त्याचं इथेच विचारू का?

लालडबा
ताई, नवीन धागा काढा, आम्ही येतोच सगळे. प्रश्नपत्रिकेचा फोटो टाकजा.